शारिवारी: नव्या जोडप्याच्या दारात मध्यरात्री डबे बडवण्याची प्रथा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शारिवारी म्हणजे नेमकं काय?

लग्न लागलंय, पाहुणे पांगलेत, खोलीतला दिवा मालवलाय. तेवढ्यात खिडकीखाली कढया, घमेली, गुरांच्या घंटा, शिंगं, शिट्ट्या यांचा एकच कल्लोळ उठतो. बाहेर गावातली पोरं उभी आहेत, कुणी तोंडाला काजळी फासलेली, कुणी कोट उलटा घातलेला. नवरा खिडकीत येऊन काहीतरी कबूल करेपर्यंत ती हलणार नाहीत. पैसे द्या नाहीतर दारू पाजा. आज दिलं नाही तर उद्या रात्री पुन्हा हजर.

प्रेयसीच्या खिडकीखाली उभं राहून गोड गाणं म्हणायची युरोपात जुनी रीत होती. तिचंच हे जाणूनबुजून केलेलं विडंबन. फ्रान्समध्ये याला शारिवारी म्हणत. इंग्लंडात नाव पडलं ‘रफ म्यूझिक’, जर्मनीत ‘कात्झेनम्युझिक’ म्हणजे मांजरांचं संगीत. स्पेनमध्ये गुराच्या गळ्यातल्या घंटेला ‘सेन्सेर्रो’ म्हणतात, म्हणून तिथे ‘सेन्सेर्रादा’. फ्रेंच वसाहतवाल्यांबरोबर ही प्रथा समुद्र ओलांडून गेली आणि अमेरिकेच्या खेड्यांत तिचं ‘शिव्हरी’ झालं.

‘शारिवारी’चा पंढरीच्या वारीशी काही संबंध?

काही नाही, पण हा प्रश्न खरंच विचारला जातो. शब्द फ्रेंच आहे. तो आला कुठून यावर अभ्यासकांचं एकमत नाही. डोकेदुखी या अर्थाच्या एका जुन्या लॅटिन शब्दाशी त्याचं नातं जोडतात. व्युत्पत्ती चुकीची निघाली तरी वर्णन म्हणून ती चोख आहे.

ही प्रथा किती जुनी?

निदान सातशे वर्षं. चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पॅरिसमध्ये तयार झालेलं एक सचित्र हस्तलिखित फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. फोव्हेल नावाच्या एका लबाड घोड्याची ती उपरोधिक कथा. घोड्याचं लग्न लागतं आणि रात्री त्याच्या दारात शारिवारी येते. कवीने सामानाची यादीच दिली आहे. एकाच्या हातात भलीमोठी कढई, दुसऱ्याकडे मांस काढायचा आकडा, भाजायची जाळी आणि मुसळ, आणखी कुणाकडे तांब्याचं भांडं. एका बहाद्दराने तर गाईच्या गळ्यातल्या घंटा मांड्यांवर आणि ढुंगणावर शिवून घेतल्या आहेत. बाजूच्या चित्रांत जनावरांचे मुखवटे घातलेली माणसं ढोलकी बडवताना दिसतात.

एवढ्या तपशिलाने लिहिलंय त्यावरून कळतं की तेव्हाच्या वाचकाला हे नवं नव्हतं.

प्रत्येक लग्नाला असा गोंधळ घालत का?

नाही, आणि या प्रथेची किल्ली इथेच आहे. मध्ययुगीन आणि त्यानंतरच्या युरोपात पोरं जमत ती मुख्यतः दुसरेपणाच्या लग्नाला. विधवेने पुन्हा लग्न केलं, म्हाताऱ्या विधुराने विशीतली मुलगी केली, नवरानवरीच्या वयात फारच अंतर पडलं, किंवा परगावच्या माणसाने गावातली मुलगी नेली, तर.

पण विधवेने लग्न केलं तर पोरांच्या पोटात का दुखावं?

याला एकच कारण नाही.

पहिलं कारण सरळ हिशेबाचं. खेड्यात लग्नाच्या वयाच्या मुली असून असून किती असणार? पन्नाशीच्या विधुराने त्यातली एक पळवली की एका तरुणाची पाळी पुढे गेली. त्या काळी युरोपातल्या बऱ्याच भागांत पोरांची लग्नं पंचविशी उलटल्यावर होत, त्यामुळे गावात बिनलग्नाच्या तरुणांचा मोठा जथा कायम असे. फ्रान्समध्ये या जथ्याची रीतसर मंडळं होती. त्यांचा एक थट्टेतला ‘मठाधिपती’ असायचा आणि गावातल्या लग्नांवर नजर ठेवणं हे जणू त्यांचं खातं. (आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष आणि वर्गणी डोळ्यांसमोर आणा, फार चुकणार नाही.)

दुसरं कारण पहिल्या घरच्या मुलांचं. सावत्र आई किंवा सावत्र बाप आला की जमीनजुमल्याचं काय होणार, ही धास्ती. आणि गेलेल्या माणसाचा मानही त्यात येतो. काही ठिकाणी पोरं मयत नवऱ्याचा पुतळाच मिरवणुकीत आणत.

तिसरं कारण चर्चकडून आलेलं. विधवेच्या पुनर्विवाहाला चर्चची मनाई नव्हती, पण मध्ययुगात अशा लग्नाला पहिल्या लग्नासारखा आशीर्वाद पाद्री देत नसे. लग्न कायदेशीर, पण विधी अर्धा. उरलेला अर्धा रस्त्यावरच्या पोरांनी आपल्या पद्धतीने पुरा केला, असंही म्हणता येईल.

पैसे द्यावेच लागत का?

बहुधा हो. शारिवारीत शिक्षा आणि वसुली एकाच वेळी चाले. पैसे मिळाले की ढोल थांबायचे, पोरं त्याच पैशाची दारू प्यायची आणि कधी कधी नवराही त्यांच्याबरोबर बसायचा. मला यातली सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच वाटते. गावाचा आक्षेप होता, तो जाहीरपणे नोंदवला गेला, दंड भरला, विषय संपला.

अर्थात दंडाचा आकडा माणूस बघून ठरे. १८०४ साली न्यू ऑर्लिन्समध्ये गाजलेला प्रकार बघा. डॉन आंद्रेस आल्मोनेस्तर हा तिथला बडा स्पॅनिश धनिक १७९८ मध्ये वारला. त्याच्या तरुण विधवेने सहा वर्षांनी दुसरं लग्न केलं आणि शहर लोटलं. गर्दी तीन दिवस हटेना. जोडपं नदीपलीकडे पळालं तर लोक पाठोपाठ गेले. मिरवणुकीत शवपेटी होती आणि तीत मेलेल्या नवऱ्याचं सोंग. अखेर बाईंनी तीन हजार डॉलर रोख मोजले तेव्हा लोक घरी गेले. तेव्हाचे तीन हजार!

वाद्यं कोणती?

स्वयंपाकघर आणि गोठा यांत जे जे वाजतं ते सगळं. पण खास या कामासाठी बनवलेली वाद्यंही होती, त्यांतली दोन सांगतो.

अमेरिकेतली ‘हॉर्स फिडल’, म्हणजे घोड्याचं व्हायोलिन. मोठं लाकडी खोकं घ्यायचं, त्याच्या कडांना राळ चोळायची, एका लांब वाशालाही राळ चोळायची, आणि दोघांनी वाशाची दोन टोकं धरून करवत ओढल्यासारखा तो खोक्याच्या कडेवर पुढेमागे घासायचा. खोकं जितकं मोठं तितकी किंकाळी लांब जाते. दुसरं ‘डंब बुल’. लाकडी पिंपाच्या एका तोंडावर कातडं ताणून बांधायचं, कातड्याच्या मधोमध राळ लावलेली दोरी अडकवायची आणि ती चिमटीत धरून ओढत आणायची. आतून बैल डरकावा तसा आवाज निघतो. जत्रेत मिळणारं, दोरी ओढली की टरटरणारं डबडं आठवतं? तत्त्व तेच, फक्त हे पिंपाएवढं. याशिवाय झाडाला टांगलेलं करवतीचं गोल पातं हातोड्याने बडवणं, ऐरणीवर घण घालणं, बंदुकीचे बार काढणं हे चालूच.

लंडनच्या खाटकांची तऱ्हा याहून वेगळी आणि खरं तर कौतुकाची. अठराव्या शतकात ते नळीच्या हाडांनी सत्तूर वाजवत लग्नघराच्या दाराशी उभे राहत. सत्तूर असे घासलेले असत की प्रत्येकाचा सूर निराळा लागे, आणि चार किंवा आठ जणांचा ताफा चर्चच्या घंटांसारखी सुरावट काढी. इंग्रज चित्रकार हॉगार्थने १७४७ च्या एका चित्रात नव्या जोडप्याच्या खिडकीखाली असा ताफा काढला आहे. इथे दुसरेपणाबिसरेपणाचा प्रश्न नव्हता. बक्षिशी मिळाली की झालं.

या प्रकारात एक राजाच जळता जळता वाचला, हे खरं का?

खरं. २८ जानेवारी १३९३, पॅरिस. राणीच्या एका विधवा सखीचं पुन्हा लग्न होतं म्हणून दरबारात नाचगाणं ठेवलेलं. तरुण राजा सहावा चार्ल्स आणि पाच सरदारांनी रानटी माणसांची सोंगं घेतली. अंगावर लिननचे कपडे, त्यांवर डांबर आणि राळ, आणि केस दिसावेत म्हणून वर जवसाचा तंतू चिकटवलेला. मशाली जवळ आणू नका अशी ताकीद दिलेली होती. राजाचा भाऊ ऑर्लेआंचा ड्यूक उशिरा आला, सोबत मशाल. हे कोण आहेत बघू म्हणून ज्योत पुढे नेली. चौघे भाजून मेले. एकाने पिंपात उडी मारून जीव वाचवला. राजा वाचला तो बेरीच्या डचेसमुळे. त्या पोरसवदा मुलीने आपल्या घागऱ्याचा घोळ त्याच्यावर टाकला. विधवेच्या लग्नात रानटी सोंगं आणि धांगडधिंगा, म्हणून बरेच इतिहासकार याला दरबारी शारिवारीच समजतात.

फक्त नव्या लग्नांसाठीच होती का ही?

नव्हती. इंग्लंडात बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याची अशी धिंड निघे. लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पेप्स याच्या रोजनिशीत १० जून १६६७ ची नोंद आहे: ग्रिनिचच्या घाटाच्या पायऱ्या माणसांनी फुललेल्या, कारण गावच्या कॉन्स्टेबलला बायकोने मारलं म्हणून मिरवणूक निघणार होती. गंमत म्हणजे स्वतः मार खाणाऱ्याऐवजी शेजाऱ्यालाच उलट्या तोंडाने घोड्यावर किंवा गाढवावर बसवायची रीतही होती. शेजाऱ्याने लक्ष ठेवायला नको?

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात वारं फिरलं. डबे आता बायकोला मारणाऱ्या नवऱ्याच्या दाराशी वाजू लागले. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी हे बरंच खोलात जाऊन मांडलं आहे.

चर्च आणि सरकार गप्प बसले का?

बंदी शतकानुशतके घालत राहिले. १६८३ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरात पंचविशीतली एक विधवा नवरा गेल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा लग्नाला उभी राहिली. शारिवारी इतकी हाताबाहेर गेली की बिशप लाव्हालने फर्मान काढलं: यात भाग घेईल तो धर्मबहिष्कृत. स्पेनमध्ये तिसऱ्या कार्लोसच्या राजवटीत १७६५ ला माद्रिदमध्ये असाच हुकूम निघाला, शिक्षा शंभर डुकाट दंड आणि चार वर्षं कैद. तोच हुकूम पुढे १८०५ च्या कायदेसंग्रहात पुन्हा छापावा लागला. त्यावरून तो किती पाळला गेला असेल ते ओळखा.

अमेरिकेत याची नुसती गंमत कशी झाली?

वस्त्या नव्या होत्या, माणसं विरळ होती, आणि करमणूक म्हणून दुसरं काही नव्हतं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात शिव्हरी सरसकट सगळ्याच नव्या जोडप्यांच्या वाट्याला येऊ लागली. पहिलं असो वा दुसरेपणाचं, लग्न झालं की काही रात्रींनी शेजारी दबा धरून यायचे. नावं जागोजागी वेगळी: मिसिसिपीच्या खोऱ्यात शिव्हरी, ओहायोकडे ‘बेलिंग’, न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात ‘हॉर्निंग’. बोलीभाषांचे नकाशे काढणाऱ्यांसाठी हा शब्द मोठा लाडका आहे.

आवाजाबरोबर खोड्याही आल्या. पलंगाच्या स्प्रिंगांना घंटा बांधणं, साखरेच्या डब्यात मीठ, नवरीला हातगाडीत बसवून गावभर फिरवणं, नवऱ्याला कुंपणाच्या वाशावर बसवून तळ्याकडे नेणं. बदल्यात पुरुषांना सिगार, बायकामुलांना गोळ्या-चॉकलेटं. शिव्हरी झाली नाही तर काही जोडपी हिरमुसत. म्हणजे आपण कुणाच्या खिजगणतीतच नाही!

पण सगळीकडे हसतखेळत चालत नसे. रात्री घराभोवती बंदुका उडताहेत आणि घरातला माणूस घाबरलाय, यातून जीव गेल्याच्या बातम्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत आहेत. आणि जिथे जोडपं जमावाला वंशावरून किंवा धर्मावरून खुपत होतं, तिथे त्याच डब्यांच्या आडून जमाव निव्वळ हिंसा करत असे.

जर्मन लोक लग्नाच्या आदल्या रात्री कपबश्या फोडतात, ते हेच का?

चुलत भावंड म्हणा. त्याला ‘पोल्टरआबेंड’ म्हणतात. चिनीमाती फोडायची, काच आणि आरसा मात्र नाही. खापऱ्या शुभ मानतात, काच अशुभ. मग नवरानवरीने मिळून सगळं झाडून काढायचं. वसुली नाही, शिक्षा नाही.

आपल्याकडे असं काही होतं का?

तुकड्यातुकड्यांत सापडतं.

ग्रहणापासून सुरुवात करू. ‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी जुन्या लोकांच्या कानात अजून असेल. जगात अनेक ठिकाणी ग्रहणात थाळ्या-ढोल बडवतात. मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६४ मध्ये हा आवाज आणि शारिवारीचा आवाज एकाच दोरीत ओवला. त्यांचं म्हणणं असं की दोन्हीकडे नेहमीची साखळी मध्येच तुटलेली असते. तिकडे कुणीतरी चंद्र गिळलाय, इकडे कुणीतरी दुसऱ्याच्या वाट्याचा जोडीदार. तुटल्या जागी माणसं आवाज करतात. आणि बघा, दोन्हीकडे सुटका होते ती काहीतरी दिल्यावरच.

शिमग्याची बोंब आणि गाढवावरची धिंड हेही त्याच कुळातलं. बीड जिल्ह्यात केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथे धुळवडीला गावच्या एका जावयाला पकडून गाढवावर बसवतात आणि वाजतगाजत मिरवतात. जावई आधीपासून लपून बसतात, गावकरी शोधायला निघतात. शेवटी त्याच जावयाला कपड्यांचा आहेर होतो. फ्रेंच पोरं नवऱ्याकडून पैसे उकळत, विड्याचे लोक उलट जावयाला देतात. थट्टा आणि मान मात्र दोन्ही एकाच दिवशी.

विधवेच्या लग्नापाशी आलो की साम्य संपतं. तिथे आपली तऱ्हा बरोबर उलटी होती: आवाज नाही, शांतता. ज्या जातींत पाट लागायचा तिथेही तो बहुधा रात्री, वाजंत्रीशिवाय, चारचौघांत उरकत. आणि जिथे पुनर्विवाहच मान्य नव्हता तिथे? धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ ला गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्यांच्या मुरूड गावचे लोक त्यांच्या खिडकीखाली डबे वाजवायला गेले नाहीत. त्यांनी बहिष्कार घातला, आणि घरच्यांनी कर्व्यांना घरात घेतलं तर घरच्यांनाही वाळीत टाकू असा धाक घातला. शारिवारी एका रात्रीत किंवा काही दिवसांत मिटे, वाळीत टाकणं वर्षानुवर्षं चाले. यातलं कमी निर्दय कोणतं असं कुणी विचारलं तर मी डबे निवडीन. डबे वाजवणाऱ्याला निदान तुमच्या दारापर्यंत यावं लागतं, तुमच्याशी भाव करावा लागतो.

वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो २०१६ चा. म्हणजे मुरूडच्या त्या प्रकारानंतर १२३ वर्षांनी.

‘पंच’ साप्ताहिकाचा याच्याशी काय संबंध?

१८३२ मध्ये शार्ल फिलिपाँ यांनी पॅरिसमध्ये व्यंगचित्रांचं एक दैनिक काढलं आणि त्याचं नावच ठेवलं ‘ल शारिवारी’. ऑनोरे दोमिए त्याचा चित्रकार. डबे रस्त्यावर वाजवण्याऐवजी कागदावर, एवढाच फरक. १८४१ ला लंडनमध्ये ‘पंच’ निघालं, त्याचं उपशीर्षक ‘लंडन शारिवारी’. त्या ‘पंच’च्या वळणावर आपल्या मुंबईत ‘पारसी पंच’ आणि पुढे ‘हिंदी पंच’ निघाले. म्हणजे गिरगाव-फोर्टच्या वाचकाने शारिवारीचं खापरपणतू हातात धरलं होतं.

डबे बडवण्याची ही रीत आता कुठे दिसते?

लग्नापेक्षा मोर्चात जास्त. इंग्रज राजवटीविरुद्धच्या १८३७ च्या बंडाच्या सुमारास कॅनडातल्या फ्रेंच शेतकऱ्यांनी सरकारी हुद्देदारांच्या घरांपुढे शारिवारी करून त्यांचे राजीनामे घेतले. २०१२ मध्ये कॅनडाच्याच क्वेबेक प्रांतात विद्यार्थी आंदोलनावर बंधनं घालणारा कायदा आला आणि रोज रात्री आठला लोक गच्च्यांत, रस्त्यांवर पातेली वाजवू लागले. चिलीत १९७१ मध्ये बायकांनी रिकामी भांडी वाजवत मोर्चा काढला. मुंबईत १९७० च्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत महागाईविरुद्ध निघालेल्या बायकांच्या हाती लाटणी आणि थाळ्या होत्या. त्या फ्रेंच प्रथेतून शिकल्या असं मी म्हणत नाही. रिकामं पातेलं ज्याच्या घरात आहे त्याला ते वाजवायचं शिकवावं लागत नाही.

लग्नात उरलंय ते फ्रान्समधल्या वरातीच्या गाड्यांचे भोंगे आणि नवरानवरीच्या गाडीमागे बांधलेले, खडखडत जाणारे पत्र्याचे डबे.

मुलीचं सासर ओहायोच्या खेड्यात आहे. ‘बेलिंग’ करणार म्हणतात. काळजी करावी का?

आधी मुलीला विचारा. तिला नको असेल तर जावयाने तसं आपल्या माणसांना स्पष्ट सांगावं. आजकाल ऐकतात. तिला चालणार असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. आपल्या वरातीतला डीजे दोन तास ऐकलेल्या माणसाला गाईच्या घंटा कानात घातलेल्या कापसासारख्या वाटतील. घरात गोळ्या-चॉकलेटं भरपूर ठेवायला सांगा, आणि रात्री बाहेर नेलं तर थंडी वाजू नये म्हणून एखादा जाड कोट दाराशी.

आणखी एक. तिकडे पाहुणे गुपचूप स्वयंपाकघरात शिरून पत्र्याच्या डब्यांवरची लेबलं सोलून टाकतात. मग महिनाभर कोणत्या डब्यातून राजमा निघेल आणि कोणत्यातून अननस, ते उघडल्याशिवाय कळत नाही. मुलीला म्हणावं, लग्नाच्या आठवड्यातच प्रत्येक डब्याच्या बुडाशी मार्करने लिहून ठेव. मराठीत लिहिलंस तर उत्तम.